भाजीवालीचा चेहरा

आमच्या घरात माणसाचं चित्र कधी टांगलं गेलं नाही. कुणी कॅलेंडर दिलं की अम्मी आधी त्याची सगळी पानं उलटून बघायची. डोंगर, गुलाब, मशीद असं काही असलं तर ते खिळ्यावर जायचं. एखादी बाई किंवा बाळ दिसलं की ते कॅलेंडर फळीवर डब्यांखाली अंथरायला. आणि गंमत अशी, की आमची चूल पेटायची ती माणसांच्या चेहऱ्यांवरच. अब्बा पेंटर होते. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खणाचं दुकान होतं, आणि अर्ध्या शहराच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नव्हती. लोक त्यावरून चेष्टा करायचे. अब्बा म्हणायचे, लोकांना रस्ता माहीत आहे तोवर रंग कशाला वाया घालवू? आत भिंतीला टेकवून चेहरे सुकत ठेवलेले असायचे, कुणाचे आजोबा, कुणाच्या सासूबाई. नमाजाची वेळ झाली की अब्बा ते सगळे एकेक करून भिंतीकडे वळवायचे आणि नमाज झाली की परत सरळ करायचे. घरी यायच्या आधी रॉकेलने हात धुवायचे, मग साबणाने, तरी त्यांच्या शेजारी जेवायला बसलं की घासाला वास यायचाच. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि रॉकेल; लहानपण म्हटलं की मला अजून हाच वास येतो. अम्मीचं धोरण साधं होतं, दुकानातलं दुकानात आणि घरातलं घरात. मी मात्र दोन्हीकडची होते, कारण मी एकुलती एक होते आणि शाळा सुटली की मला दुकानात बसायची मुभा होती.

त्या वर्षांत लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं. ज्याला एक फळा आणि एक पत्र्याची शेड मिळाली त्याने क्लास काढला. आमच्या दुकानामागेच एक होता. दुपारभर तिथली पोरं एका सुरात सूत्रं म्हणायची आणि ती ऐकून ऐकून, गणितात काठावर पास होणाऱ्या मलाही ती पाठ झाली होती. क्लासवाल्यांना पाटी पिवळ्यावर लाल लागायची. अब्बा त्यांना समजवायचे की निळ्यावर पांढरं लांबून जास्त वाचता येतं, पण शेजारच्याची पिवळ्यावर लाल म्हणजे यांचीही तीच. दुसरं काम, अब्बांच्या जिवाभावाचं, ते म्हणजे गेलेल्या माणसाच्या लहानशा फोटोवरून हार्डबोर्डवर ऑइलपेंटमध्ये मोठं चित्र करणं. फोटो बहुधा काळा-पांढरा, टिकलीएवढा, कधी लग्नाच्या ग्रुपमधला, कधी कुठल्या अर्जावरचा. त्यात रंग कुठून आणायचा? अब्बा तो विचारून विचारून आणायचे. आलेल्या माणसाला चहा द्यायचे आणि सुरू करायचे. आई पान खायच्या का? शेतात जायच्या, का घरातच असायच्या? नाकात काही होतं? हसताना तोंडावर पदर घ्यायच्या का? माणूस सांगता सांगता रडायचा, आणि त्या रडण्यातून अब्बांना ओठांचा रंग सापडायचा. एका प्रश्नाला मात्र बहुतेक पुरुष अडायचे, तो म्हणजे लुगडं कोणत्या रंगाचं. तीस वर्षं संसार केलेला माणूस छताच्या पत्र्याकडे बघत बसायचा. मग अब्बा म्हणायचे, हिरवं करू. नवऱ्याच्या आधी गेलेली बाई हिरव्या लुगड्यात, हिरव्या चुड्यात, कपाळावर ठसठशीत कुंकू, हा त्या लोकांचा मान. आमच्याकडे हिरवा रंग दर्ग्याच्या चादरीचा. मी अगदी लहान असताना मला वाटायचं की या सगळ्या बायका पीरबाबाच्या नात्यातल्या आहेत.

भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. गणपती बुडवून लोक निजले होते, एवढंच. आमच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एक चीर गेली आणि अम्मीच्या बरण्या फुटल्या. औशाच्या पलीकडे गावंच्या गावं बसली. महिन्याभरात क्लासेस पुन्हा सुरू झाले, मागची पोरं पुन्हा सूत्रं म्हणू लागली; पण रस्त्याने एखादा भरलेला ट्रक गेला की सगळी एकदम गप्प व्हायची आणि आम्ही दुकानात बसलेले आढ्याकडे बघायचो. आणि मग फोटो यायला लागले. लोक रुमालात बांधून आणायचे, मातीने खरवडलेले, घडी पडून चेहऱ्याच्या मधोमध चिरलेले. एकेका घरचे चार-चार, पाच-पाच. अब्बा प्रत्येकाला चहा द्यायचे, प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे, आणि घरी आले की भाकरीचा एक चतकोर खाऊन उठायचे. बाजारात नेहमी मिळणारे हिरव्या रंगाचे डबे त्या हिवाळ्यात मिळेनासे झाले. सोलापूरहून मागवावे लागले.

मी तेव्हा नववीत होते आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत होते. आमचे चित्रकलेचे बिराजदार सर निलंग्याकडचे, बोलता बोलता मध्येच कानडी शब्द टाकणारे, रागावले की पूर्ण कानडीत जाणारे. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात ते जादा वर्ग घ्यायचे. स्थिरचित्र शिकवावं तर त्यांनीच. एक पितळी तांब्या, दोन वांगी, अर्धापूरच्या केळ्यांची एक फणी, मागे चादर. आणि आम्ही पिवळा रंग उघडला की ते मागून येऊन ब्रश काढून घ्यायचे. तांब्या पिवळा असतो हे तुला माहीत आहे म्हणून तू पिवळा लावते आहेस, म्हणायचे. बघ तरी. वांग्याकडून तो जांभळा झालाय, चादरीकडून निळा झालाय, पिवळा उरलाय तो बोटाएवढा. आणि मग ते वाक्य, जे मी पुढे पंचवीस वर्षं माझ्या शाळेतल्या मुलांना सांगत आले: "रंगाला अर्थ नसतो गं, शेजार असतो." तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. समजलं मुळीच नाही.

कारण याच सरांनी आम्हाला भाजीवालीही शिकवली होती. स्मरणचित्राच्या पेपरात विषय कोणता येईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनी एक ठरलेली बाई बसवून दिली होती. डावीकडे पुढे बसलेली, मान जरा उजवीकडे, चेहरा लंबगोल, भुवया धनुष्यासारख्या, ओठ मिटलेले. विषय बाजार आला तर पुढे भाजीची टोपली, जत्रा आली तर बांगड्या, बसस्थानक आलं तर गाठोडं. बाई तीच. आम्ही ती इतक्या वेळा काढली होती की मी बोलत बोलत काढायची. वर्गात एकदा एका मुलीने विचारलं, सर, आपल्या मनाने नाही का काढायचं? सर म्हणाले, मनाचं काढायला जन्म पडलाय, आधी ए ग्रेड आण. लातुरात तेव्हा सगळंच असं पाठ करून चाललं होतं. आमची भाजीवाली त्यातलीच. आणि माझी भाजीवाली वर्गात सगळ्यात चांगली होती, सरांनी ती फळ्याशेजारी लावली होती. माझ्या डोक्यात हवा गेली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

नागनाथ आला तो पुढच्या उन्हाळ्यात. तिशीचा असेल, पण चालताना म्हातारा दिसायचा. बरोबर साडेचार-पाच वर्षांची मुलगी, शोभा, हातात एक चेपलेला तांब्या घट्ट धरलेली. तो कुणी मागितला तरी द्यायची नाही. बायको गेली होती, कलावती नावाची, आणि म्हातारे आई-बाप. त्याने अब्बांना सांगितलं की त्याला बायकोचं चित्र हवंय. अब्बांनी फोटोसाठी हात पुढे केला.

"फोटू न्हाई, चाचा," तो म्हणाला. "घरच ऱ्हायलं न्हाई तर फोटू कुठला. मला नगं हाय. मला दिसती ती. ह्या पोरीला दिसायची बंद होईल, म्हणून पाहिजे."

अब्बांनी त्याला चहा दिला, मुलीला बशीत ओतून दिला, आणि प्रश्नही विचारले. नाक कसं? चांगलं होतं. डोळे? चार बायकांसारखे. बिचाऱ्याला चेहऱ्याचं काही सांगताच येईना. भलतंच सांगत होता. विळ्याने कापल्यापासून भाकरी थापताना ती अंगठा आत मुडपून घ्यायची, पाठीत थोडी वाकून बसायची, एकच जांभळं लुगडं सारखं नेसायची, ते धुऊन धुऊन राखेसारखं झालं होतं. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बिगर फोटोचं तोंड मी बनवत नाही, म्हणाले. तोंड बनवणारा वरचा आहे. त्यांनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की नागनाथने वादही घातला नाही. तो उठला, मुलीचा हात धरला आणि गेला. मला अब्बांचा राग आला. एवढी कसली सोवळ्याची गोष्ट आहे, मला वाटलं. एक बाईचं तोंड, ते तर मी डोळे मिटून काढते.

पुढच्या आठवड्यात अब्बा उदगीरला गेले. तिथल्या मोंढ्यात एका आडत्याच्या दुकानाची मोठी पाटी करायची होती, चार दिवसांचं काम. शाळेला सुट्टी, दुकानात मी. दुसऱ्या दिवशी नागनाथ पुन्हा दारात. बहुतेक अब्बांना आणखी एकदा विचारून बघावं म्हणून आला असेल. मी त्याला सांगून टाकलं की मी काढून देते, शनिवारी या. त्याने माझ्याकडे, माझ्या दोन वेण्यांकडे बघितलं. मी फळीवरचा माझा भाजीवालीचा कागद काढून त्याला दाखवला, मला येतं हे कळावं म्हणून. या गोष्टीची मला आजही शरम वाटते, कारण त्याने तो कागद नीट पाहिला होता. तो पुन्हा सांगायला लागला, अंगठ्याचं, पाठीचं, त्या जांभळ्या लुगड्याचं. मी हो हो म्हणत होते आणि हार्डबोर्ड शोधत होते. त्यातलं काही परीक्षेच्या कामाचं नव्हतं.

दोन दिवसांत चित्र झालं. लंबगोल चेहरा, धनुष्यासारख्या भुवया, मिटलेले ओठ. भाजीची टोपली काढून टाकली, कुंकू ठसठशीत केलं. लुगडं करताना मी क्षणभर थांबले. जांभळं म्हणाला होता खरा. पण गेलेल्या सवाष्णीला हिरवं, हे मला अब्बांपेक्षा पक्कं माहीत होतं, आणि राखेच्या रंगाचं लुगडं भिंतीवर कसं दिसेल? हिरवं केलं, काठ सोनेरी केला. उजव्या कोपऱ्यात खाली लाल अक्षरांत सही केली, नसीम. अब्बांनी आयुष्यात कुठल्या चित्रावर सही केली नव्हती.

शनिवारी नागनाथ मुलीला घेऊन आला. मी चित्रावरचं वर्तमानपत्र काढलं. तो बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, तारीफ कधी करतो म्हणून, आणि मला दिसलं की त्याच्या डोळ्यांत काही हललंच नाही. अब्बांच्या दुकानात चित्र बघून कोसळणारी माणसं मी रोज पाहिली होती. हा माणूस एखादी पाटी वाचावी तसा बघत होता. मग म्हणाला, "चांगली काढली पोरी. लई चांगली हाय." आणि त्याने शोभाला पुढे ओढलं.

"बघ. कोण हाय?"

ती तांब्या छातीशी धरून बघत राहिली. मग मान हलवली. "न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई काय? तुझी आई हाय ती."

"न्हाई."

नागनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलंय. त्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, चित्राकडे वळवला आणि म्हणाला, "आईच हाय. नीट बघ. आपली आईच हाय ती." पोरीने चित्राकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. बापाच्या तोंडाकडे ती फार वेळ बघत होती. मागे पोरं सूत्रं म्हणत होती. मग ती म्हणाली, "हाव."

ते दोघं गेले. मी कुलूप लावून घरी आले आणि जेवले नाही. अम्मीने कपाळाला हात लावून बघितला, मग दृष्ट काढली. अब्बा उदगीरहून आले तसं त्यांना हार्डबोर्ड कमी दिसला आणि मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ते मारतील. त्यांनी कधी मारलं नव्हतं, पण मला वाटलं होतं. ते स्टुलावर बसून राहिले. मी ज्या गोष्टीची भीती धरली होती, की विचारल्याशिवाय काढलं, की सरांचं उचललं, की हिरवं केलं, त्यातलं ते काहीच बोलले नाहीत. ते म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणाली, तेव्हा तरी तू बोलायचं होतंस, बेटा." आणि उठून त्यांनी सुकत ठेवलेले चेहरे भिंतीकडे वळवायला घेतले. नमाजाला अजून वेळ होता.

सप्टेंबरात परीक्षा झाली. स्मरणचित्राच्या पेपरात दोन विषय होते, बाजार आणि आईला घरकामात मदत. सगळ्या हॉलने बाजार घेतला. मी पेन्सिल तासून वर बघितलं तर माझ्यापुढच्या मुलीने ती काढायला सुरुवात केली होती. तिच्या पुढच्या मुलीनेही. उजव्या ओळीत, डाव्या ओळीत, लंबगोल, धनुष्य, मिटलेले ओठ. कुठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये एक पोर त्या तोंडाला आई म्हणत होती, आणि इथे हॉलभर तिची आई टोपली घेऊन बसली होती. मी अर्धा तास काही काढलं नाही. मग दुसरा विषय घेतला. चुलीसमोर बसलेली बाई काढली, पाठमोरी, जरा वाकलेली. तोंड दिसत नव्हतं, कारण ते मला माहीत नव्हतं. भाकरीवरच्या हाताचा अंगठा आत मुडपलेला. लुगड्यासाठी जांभळा घेतला आणि तो राखेसारखा होईना. मग मला सरांचा तांब्या आठवला. जांभळ्याला मी पुन्हा हातच लावला नाही. शेजारी चुलीतला नारिंगी जाळ वाढवत नेला, मागची भिंत काळवंडत नेली, तेव्हा ते लुगडं आपोआप जुनं झालं. आईला मदत करणारं पोर काढायचं राहूनच गेलं. मला सी ग्रेड मिळाली. सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

तेच चित्र मी पुन्हा हार्डबोर्डवर केलं. या वेळी अब्बा शेजारी बसले, पण ब्रशला हात लावला नाही. फक्त एकदा म्हणाले, पाठ आणखी वाकव, भाकरी थापणाऱ्या बाईचा जोर पाठीतून येतो. सही केली नाही. मग आम्ही बाप-लेक एसटीने नागनाथच्या गावाला गेलो. गाव म्हणजे पत्र्याच्या शेडांच्या रांगा, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर. नागनाथच्या शेडमध्ये माझी भाजीवाली काचेच्या फ्रेममध्ये टांगली होती. काचेवर कुंकवाचं बोट होतं. आणि खाली, पोरीचा हात पोहोचेल अशा उंचीवर एक खोकं होतं, खोक्यावर भाकरीचा तुकडा. शोभा आम्हाला चित्र दाखवायला लागली. ही माझी आई, म्हणाली, ती आधी खाती मग मी खाते. अब्बांनी टोपी काढून परत घातली.

अब्बांनीच त्याला सांगितलं. माझ्या पोरीची चूक झाली, ते तोंड तुमच्या घरच्या बाईचं नाही, परीक्षेसाठी पाठ केलेलं आहे, आम्ही ते परत न्यायला आलोय. नागनाथ म्हणाला की त्याला माहीत होतं, त्याने तो कागद पाहिला होता ना. मग मी दुसरं चित्र उघडलं. तो दोन पावलं मागे सरकला आणि पत्र्याला हात लावून उभा राहिला. "हीच," तो म्हणाला. "ही हाय." मग तो खाली बसला आणि आमच्यासमोर, एका परक्या मुलीसमोर, तोंडावर पंचा धरून रडला. शोभा धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. त्या चित्राकडे तिने पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने त्याने तोंड पुसलं.

"ते काढू नका," तो म्हणाला. "पोरीला तोंड लागतंय, चाचा. ते ऱ्हाऊ द्या तिला. ही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

त्याने ती पाठमोरी बाई एका धोतरात गुंडाळली आणि ट्रंकेत ठेवली. आम्ही शेवटच्या एसटीने परत आलो.

माझं लग्न नांदेडला झालं. इथल्या एका शाळेत मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि स्मरणचित्राला कधीच कुणाला बाई बसवून दिली नाही. त्यामुळे माझ्या शाळेचा निकाल नेहमी मागे असायचा आणि मुख्याध्यापक ते ऐकवायचे. नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा, एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक मुलगी होती, सतरा-अठराची, पाठीला क्लासची बॅग, हातात चादरीत गुंडाळलेल्या दोन चौकोनी वस्तू. मेडिकलच्या तयारीसाठी नांदेडला आले आहे, म्हणाली, होस्टेलवर राहते. नाव सांगायच्या आधीच मी ओळखलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी ओळखलं नाही. तिने चादर सोडली तेव्हा कोपऱ्यातली लाल सही आधी दिसली.

तिने सांगितलं ते असं. होस्टेलवर तिच्या खोलीत लातूरची एक मुलगी होती. तिच्या धाकट्या बहिणीची चित्रकलेची फाइल सामानात चुकून आली होती. शोभा सहज चाळायला बसली आणि तिसऱ्या पानावर तिला आई दिसली. पुढ्यात वांग्यांची टोपली घेऊन बसलेली. पाचव्या पानावर पुन्हा, बांगड्या विकताना. ती बहीण कुणाकडे शिकते ते मी विचारलं आणि कळलं की बिराजदार सरांचा मुलगा आता तो वर्ग चालवतो. शोभा गावी गेली, बापासमोर फाइल ठेवली. त्याने ट्रंकेतून दुसरं चित्र काढून तिच्या हातात दिलं, माझं नाव आणि अब्बांचं दुकान सांगितलं, आणि रानात निघून गेला. दुकानातून तिला माझा नांदेडचा पत्ता मिळाला.

मी तिला पाणी दिलं. चहा टाकायला उठले आणि दूध उतू जाऊ दिलं. मग येऊन तिच्यासमोर बसले आणि माफी मागितली. इतकी वर्षं ते वाक्य तोंडात घोळवलं होतं, तरी ते फार लहान निघालं. ती म्हणाली, "माफीचं राहू द्या, मॅडम." तिने पाठमोऱ्या बाईवरून हात फिरवला. ही खरी आहे असं बाबांच्या तोंडावरून कळतं, म्हणाली, पण हिला तोंड नाही. आणि जिला तोंड आहे ती कुणाचीच नाही. मग तिचा आवाज बदलला. "मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले, मला माझी आई आठवते. वर्गातल्या ज्यांची आई गेली होती त्यांना आठवायची नाही, मला आठवायची. मला ही आठवत होती. म्हणजे मला काहीच आठवत नव्हतं. एक दिवससुद्धा नाही."

रंगाला शेजार असतो, हे सांगणार होते तिला? माझ्याजवळ तिला द्यायला एकच गोष्ट होती, आणि तीच मी अब्बांशिवाय इतकी वर्षं लाजेने कुणाला सांगितली नव्हती. घरच्यांनाही नाही. मी तिला सांगितलं की तू तेव्हा पाच वर्षांचीही नव्हतीस. तुझ्या हातात चेपलेला तांब्या होता. मी वर्तमानपत्र काढलं, बाबांनी तुला पुढे केलं आणि विचारलं, कोण आहे. तू बघितलंस आणि न्हाई म्हणालीस. बाबा म्हणाले, आई आहे, तरी तू पुन्हा न्हाई म्हणालीस. भूकंप होऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आठ महिन्यांनीही तुला तुझ्या आईचा चेहरा इतका पक्का ठाऊक होता, की दुसरा कुणी पुढे केला तर तू तो घेतला नाहीस. मग तू बाबांच्या तोंडाकडे बघितलंस, आणि त्यांच्यासाठी हो म्हणालीस. विसरलीस म्हणून नव्हे.

बाहेर केळीवाल्याची गाडी येऊन गेली. मग तिने खुर्ची जरा पुढे ओढली, लहान पोरासारखी.

"मी न्हाई म्हणाले होते?"

"दोनदा."

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."

मी परत पहिल्यापासून सांगितलं.